धाकटीची उजवी खिडकी

“उजव्या डोळ्याचा नंबर किती?”

गंगापूर रोडवरच्या त्या बंगल्याचा वरचा मजला भाड्याने मिळेल का, एवढंच विचारायला मी गेले होते. घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ होतं. नोकरी कुठे, लग्न झालंय का, मटण-मासे करता का, पाहुणे किती येतात. या गृहस्थांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. फाटकात अंगाने जरा एका बाजूला कलून ते उभे होते, आणि त्यांना माझ्या डोळ्यांची चौकशी करायची होती. चष्मा नाही म्हटल्यावर त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे बोट केलं. “ती पांढरी गाडी. नंबर वाच.” मी वाचला. “तिच्या पलीकडे स्कूटर आहे. तिचा?” तोही वाचला. 

“सामान कधी आणतेस?” ते म्हणाले.

मी मोटार विम्याच्या कचेरीत काम करते. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि कोण कुठून आला, कोणी कोणाला ठोकलं, हे ताडायचं. त्यामुळे धावती गाडी मला धावती दिसतच नाही, तिच्या चेपलेल्या दारासकट दिसते. रिक्षात बसले तरी मी एका हाताने दांडी धरून असते. अशा भित्र्या बाईने नेमकं त्याच घरात राहायला जावं, याला माझं नशीब म्हणायचं. अर्थात नशिबाचा त्यात काही हात नव्हता, हे मला पुढे कळलं.

घरमालकांना सगळी कॉलनी काका म्हणायची, मीही म्हणू लागले. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. कागदावरची बारीकसारीक खोट शोधण्यात सारी नोकरी गेलेली, म्हणून जगातल्या यच्चयावत वस्तूंत त्यांना खोट दिसायची. रस्त्यात, हल्लीच्या पेट्रोलमध्ये, माझ्या ड्रेसच्या इस्त्रीत, शेजारच्यांच्या कुत्र्याच्या भुंकण्यात. फक्त एका वस्तूत त्यांना कधीच खोट दिसली नाही, आणि ती वस्तू गॅरेजमध्ये उभी होती.

गाडी अमेरिकन होती. साठच्या दशकातली, फिकट निळी, चार दारांची, डावीकडे स्टिअरिंग असलेली. काका तिला ‘धाकटी’ म्हणायचे, कारण तिकडे ती लहान गाडी म्हणून जन्माला आली होती. नाशिकला आल्यावर मात्र ही धाकटी कशातच मावेना. गॅरेज बांधून झालं तेव्हा तिची शेपटी बाहेर राहिली. काकांनी मागची भिंत फोडली आणि नाक दिवाणखान्यात घेतलं. तेव्हापासून दिवाणखान्याच्या भिंतीला कमरेएवढा एक विटांचा फुगवटा आहे आणि त्यावर टीव्ही ठेवलेला आहे. पाहुणा बातम्या बघायला लागला की काका त्याला सांगायचे, “तुम्ही आता धाकटीच्या नाकाकडे बघताय.” मग चहा यायचा.

पण “केवढी मोठी गाडी!” म्हणायची सोय नव्हती. लगेच फटकारायचे. “लहान आहे ती. कॉम्पॅक्ट. हिच्या थोरल्या बहिणी बघशील तर भोवळ येईल.”

धाकटीचं चरित्र मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. “तिकडे गाड्या फुगत चालल्या होत्या. नुसती शेपटीच बैलगाडीएवढी! लोक वैतागले, परदेशातल्या बारक्या गाड्या घ्यायला लागले. तेव्हा कुठे यांचे डोळे उघडले आणि यांनी धाकट्या गाड्या काढल्या. इंजिन उभं बसवलं असतं तर बॉनेट उंच झालं असतं, म्हणून इंजिन तिरकं बसवलं. गिअरला दांडा नाही. बटणं आहेत बटणं. घरातला दिवा लावतो तसं बोट लावायचं.” इथे ते बोट हवेत दाबून दाखवायचे. “मग बटणं काढून टाकली. मग जरा लांब केली, मग जरा रुंद केली. लहान म्हणून जन्माला घातली, आणि लहानपणी तिच्यात जे जे चांगलं होतं ते काढून घेतलं. शेवटी टाकली.”

‘बंद केली’ नाही, ‘टाकली’. बायको टाकतात तशी. आणि टाकलेल्या बाईच्या नवऱ्याचं नाव घरात घ्यायचं नसतं, म्हणून काकांच्या तोंडून त्या कंपनीचं नाव कधी कोणी ऐकलं नाही. बॉनेटवरची अक्षरंसुद्धा त्यांनी स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढली होती. त्या जागी दसऱ्याला काकू हळदकुंकू लावायच्या. कंपनीने गाडी टाकली त्याच साली या दोघांचं लग्न झालं. “त्यांनी टाकली, आम्ही नांदवली,” असं काका म्हणायचे, आणि ते म्हणताना काकूंकडे बघायचे. पुढे तीन-चार दशकांनी त्या कंपनीने तेच नाव दुसऱ्याच एका गाडीला दिलं, तिचा सांगाडा म्हणे इटलीच्या गाडीचा. काकांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. ती नवी गाडी चालली नाही, थोड्या वर्षांत बंद पडली, तेव्हा त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. नवख्या लोकांना वाटलं, नातू झाला. यांना तर मूलबाळच नव्हतं.

ही गाडी त्यांच्याकडे वडिलांमार्फत आली. बागलाणात एक अमेरिकन डॉक्टर खेडोपाडी औषधं देत फिरायचा, काकांचे वडील त्याचे ड्रायव्हर. डॉक्टर मायदेशी परत गेला आणि जाताना गाडीची किल्ली ड्रायव्हरच्या हातावर ठेवून गेला. त्या गाडीला कोणी नावं ठेवलेली काकांना खपायची नाहीत, हे म्हणूनच मी समजू शकते. पण किती? काकूंचं माहेर सटाण्याचं. तिथे एकदा जेवता जेवता त्यांच्या भावाच्या तोंडून निघून गेलं, “दाजी, तुमनी गाडी चढले अडखळस,” म्हणजे चढाला अडखळते. झालं. काका ताटावरून उठले. त्यानंतर ते सासुरवाडीच्या उंबऱ्याच्या आत गेले नाहीत. जायचे, काकूंना दारात सोडायचे आणि समोरच्या लिंबाखाली गाडीत बसून राहायचे. भाऊ बिचारा ताट घेऊन गाडीपाशी यायचा. काका काच खाली करून ताट घ्यायचे, “भाजी छान झालीय,” म्हणायचे आणि काच वर करायचे. असं कित्येक वर्षं चाललेलं. ‘अडखळते’ हा शब्द त्या घरात शिवीसारखा होता. मी एकदा स्वतःच्या स्कूटीबद्दल तो वापरला, तरी काकूंनी डोळे मोठे केले.

आता काकूंचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

ज्यांनी डाव्या स्टिअरिंगची गाडी आपल्या रस्त्यावर चालवलेली नाही, त्यांना ही अडचण कळायची नाही. आपण डावीकडून चालतो. चालवणाराही डावीकडे, म्हणजे गटाराच्या बाजूला. पुढे ट्रक असेल तर समोरून काय येतंय ते त्याला दिसतच नाही. दिसतं ते फक्त उजवीकडे बसलेल्या माणसाला. म्हणून धाकटीला दोन माणसं लागायची, एक चालवायला आणि एक बघायला. काका मुलगी बघायला सटाण्याला गेले तेव्हा त्यांनी पोह्यांना हातही लावला नाही. मुलीला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, काही नाही. मुलीला आणि तिच्या भावाला गाडीत बसवलं, मुलीला पुढे, उजव्या खिडकीशी. पुढे एक बैलगाडी आली. काका म्हणाले, “बोल.” काय बोलायचं हे त्या मुलीला कोणी सांगितलं नव्हतं. तिने खिडकीतून मान काढून बघितलं आणि म्हणाली, “थांबा, मोटर ई ऱ्हायनी.” ती मोटार गेली. मग म्हणाली, “जा आते. मोकळं शे.” म्हणजे जा आता, मोकळं आहे. काका परत येऊन म्हणाले, मुलगी पसंत आहे.

नाशिकला राहून काकूंची भाषा शहरी झाली होती. पण त्या खिडकीशी बसल्या की ती अहिराणी परत यायची. काका म्हणायचे, “बोल.” काकू म्हणायच्या, “मोकळं शे,” की धाकटी सुटलीच. काका स्वतः मान वळवून बघायचे नाहीत, एकदाही नाही. पुढची सीट एकसंध होती, शाळेतल्या बाकासारखी. तिच्या एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला काकू, आणि मध्ये पाण्याची बाटली नि काच पुसायचं फडकं. इतकी वर्षं त्या दोघांनी शेजारी बसून प्रवास केला असं म्हणता येणार नाही. बाकाच्या दोन टोकांना बसून केला.

मी राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी काकांनी फर्मान काढलं. “विमाबाई, चल. मागे उजवीकडे बस. धाकटीला मागे वजन लागतं.” मी गेले. भाडेकरूने पहिल्या आठवड्यात नाही म्हणायचं नसतं. दिंडोरीपर्यंत जाऊन आलो आणि मला आश्चर्य वाटलं. ज्या काकांच्या गाडीच्या शौर्यकथा कॉलनीभर ऐकल्या होत्या, ते काका एका टोमॅटोच्या पिकअपच्या मागे मुकाट्याने रांगत होते. ‘बोल’ म्हणायचेच नाहीत. पिकअप वळून गेला, रस्ता आंधळ्यालाही मोकळा दिसेल असा झाला, की मग म्हणायचे, “बोल.” काकू म्हणायच्या, “मोकळं शे.” मी मनात म्हटलं, चला, वयाने शहाणपण आलं. माझ्या धंद्याच्या दृष्टीने आदर्श चालक.

मग तो पापडांचा दिवस आला. गच्चीत चादर पसरून काकू उडदाचे पापड वाळत घालत होत्या आणि मी लाटलेले आणून देत होते. माझा मोबाईल मी चादरीच्या कडेला ठेवला होता. पांढऱ्या चादरीवर काळा मोबाईल. मी खालून वर आले तर त्याच्यावर एक पापड नीट पसरून ठेवलेला होता. मी हसले. म्हटलं, “काकू, हा कधी वाळायचा?” काकू हसल्या नाहीत. त्यांचा हात चाचपत मोबाईलपर्यंत आला, आणि तो हात ज्या तऱ्हेने आला ते बघून माझं हसू तोंडातच विरलं.

काचबिंदू होता. एकट्याच रिक्षाने जाऊन दाखवून आल्या होत्या. कडेचं सगळं गेलं होतं, समोरचं धुक्यातल्यासारखं उरलं होतं. थेंब घालून उरलेलं टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जवळ आणलेल्या वस्तूचा मधला तुकडा दिसायचा, बाकी सगळं अंदाजाने. 

“आणि तुम्ही त्या खिडकीशी बसता?” माझा आवाज चढला. मला खरंच राग आला होता. “दिंडोरी रोडवर? काकू, माणसं मरतात हो अशी! मी रोज बघते!”

“हळू बोल. ते खाली बसेल शेत.”

“मी सांगणार त्यांना.”

काकूंनी माझं मनगट धरलं. पिठाने भरलेला हात होता. “त्यांना सांगू नकोस. त्यांना कळलं की ते गाडी बंद करतील. दुसऱ्या कोणाच्या शब्दावर ते गाडी घालायचे नाहीत, मी ओळखते त्यांना. आणि गाडी बंद झाली की हा माणूस चार महिन्यांत खाटेला लागेल.” मग म्हणाल्या, “आणि मी कुठं बसू? मला लेकरू नाही, बाळ नाही. मन्ही जागा ती शे.”

मी तडजोड काढली, आणि ती आजही मला वेडेपणाची वाटते. मी काकूंच्या मागे बसायचं, डावा हात त्यांच्या डाव्या खांद्यावर ठेवायचा. हात खांद्यावर आहे तोवर समोरून काहीतरी येतंय. हात उचलला की मोकळं. आणि सटाण्याला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं, तिथून परत आलं की काकूंनी स्वतः काकांना सांगायचं. नाही सांगितलं तर मी सांगणार. काकूंनी देवीची शपथ घेतली.

मग ते रविवार सुरू झाले. दुपारी जेवण जायचं नाही. मी खिडकीतून अर्धी बाहेर, डोळ्यांत धूळ, हाताखाली काकूंचा खांदा. त्यात गंमत म्हणजे काकांना अचानक जोर चढला. रांगणारे काका परत ट्रक काढायला लागले. “बोल.” मी हात उचलायची. “मोकळं शे.” सूं! वळणाआधी, पुलाआधी, एकदा तर दोन उसाच्या ट्रॅक्टरांना एका दमात. मला वाटलं, अंबडच्या कारखान्यांतल्या कुठल्याशा लेथवाल्याकडून त्यांनी काही नवा भाग करून बसवला असेल. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ लागला नव्हता. समोरच्या आरशात मागचा रस्ता दिसायला हवा. मला त्यात नेहमी मीच दिसायचे. मी एकदा तसं म्हटलंही. काका म्हणाले, “तुझ्यासारखं ध्यान असल्यावर रस्ता कशाला बघायचा?” आणि धाकटीच्या आरशांचा इतिहास सुरू केला.

साखरपुडा झाला. काका रिवाजाप्रमाणे लिंबाखाली गाडीत, ताट गाडीत. निघताना काकूंचा भाऊ गाडीपाशी आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताईले काय व्हयेल शे? ताटातली वाटी सापडत नव्हती तिला.” मी म्हटलं, दगदग झाली असेल. खोटं बोलताना माझे कान तापले. काकूंनी ते ऐकलं असणार. गाडीत बसल्यावर त्या मान न वळवता पुटपुटल्या, “आज सांगते. घरी गेलो की सांगते.”

येताना आम्ही कळवणवरून वणीच्या रस्त्याला लागलो. ऊन उतरणीला लागलेलं. डोंगराच्या वळणांचा तो रस्ता आणि पुढे कांद्याच्या गोण्यांनी शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर. चढ होता. ट्रॅक्टर माणसाच्या चालीने चाललेला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. काकूंच्या मनात घरी गेल्यावरचं बोलणं चाललं असणार, त्यांचा खांदा माझ्या हाताखाली लाकडासारखा कडक झाला होता.

“बोल,” काका म्हणाले.

मी खिडकीतून वाकले. वळणाच्या तोंडाशी एसटीचा लाल टप दिसला. मी हात घट्ट दाबून धरला. आणि त्याच क्षणी उजवं चाक खड्ड्यात गेलं. मी आपटले दाराच्या पत्र्यावर आणि माझा हात सुटला.

“मोकळं शे!” काकू म्हणाल्या.

मी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात आरशात नजर गेली. आरशात काकांचे डोळे होते आणि ते माझ्याकडे बघत होते. धाकटी जागची हलली नाही. म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे, त्याच्याच चालीने, तिच्या तिच्या जागी राहिली. एसटी आमच्या उजव्या अंगाला लागेल इतक्या जवळून गेली. खिडकीत केळं खाणारी एक बाई मला दिसली. वाऱ्याने काकूंचा पदर उडाला आणि खाली बसला.

मला रडू येत होतं. काकू मात्र ताठ बसल्या होत्या. एसटी गेल्याचं त्यांना कानांनी कळलं होतं, अंगाला लागलेल्या वाऱ्याने कळलं होतं. त्यांनी ‘मोकळं’ म्हटलं होतं आणि रस्ता मोकळा नव्हता. आणि लग्नाआधीच्या त्या बैलगाडीपासून आजवर कधी झालं नाही ते झालं होतं. त्यांच्या शब्दावर गाडी गेली नव्हती.

“तुम्ही काबरं थांबनात?” त्यांनी विचारलं.

काकांनी घसा खाकरला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. समोरच्या कांद्याच्या गोण्यांकडे बघत ते म्हणाले, “धाकटी अडखळली.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“वय झालं तिचं,” काका म्हणाले. “चढाला अडखळते आताशा. मी जाणार होतो तू म्हटल्याबरोबर. तिने घेतलंच नाही.”

ज्या शब्दासाठी हा माणूस इतकी वर्षं सासऱ्याच्या दारात लिंबाखाली बसून जेवला, तो शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने धाकटीला लावला होता. मी मागे बसून दातांत ओढणी धरली. त्या घटकेला मला काकांबद्दल जे वाटलं तसं मला माझ्या वडिलांबद्दलही कधी वाटलेलं नाही.

काकूंनी हात पुढे करून डॅशबोर्डवर ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. “तिच्यावर आळ घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “मला कान आहेत अजून. ती नाही अडखळली.” ट्रॅक्टर पुढे धापा टाकत होता. “कधीपासून ठाऊक शे तुमले?”

मग काका म्हणाले, “वरचा मजला भाड्याने द्यायचं ठरवलं तेव्हापासून.”

म्हणजे माझ्या आधी त्या घरात भाडेकरू कधी नव्हताच. उजव्या डोळ्याचा नंबर, पांढरी गाडी, पलीकडची स्कूटर. मागे उजवीकडे बस, धाकटीला वजन लागतं. आरसा. रविवारमागून रविवार ते माझ्या हाताकडे बघून गाडी घालत होते, आणि बायकोला ‘बोल’ म्हणत होते.

“गाडी बाजूला घ्या,” काकू म्हणाल्या.

पुढे एक बंद रसवंती होती, तिच्यापाशी काकांनी गाडी थांबवली. कांद्याचा ट्रॅक्टर दिसेनासा झाला. काकू दार उघडून उतरल्या आणि गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवत, तिचा आधार घेत, मागच्या दाराशी आल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. “उतर गं,” मला म्हणाल्या. “तू पुढं बस. मी मागं बसते आता.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजी कोणती करू असं विचारावं तसा, आणि तो मला ऐकवेना. मी उतरले. काय करावं ते कळेना. मी पुढे बसणार नाही, हे एवढं मात्र मला नक्की ठाऊक होतं.

काका खाली उतरले नाहीत. त्यांनी पुढच्या सीटवरची पाण्याची बाटली उचलून मागे टाकली. मग काच पुसायचं फडकं घेतलं, झटकलं आणि त्याने सीटचा मधला भाग पुसला. नीट, कडेपर्यंत. फडकंही मागे टाकलं.

“मागे कशाला जातेस?” ते म्हणाले. “ही सीट अखंड का ठेवली असेल त्यांनी? मध्ये दांडा का नाही? गिअर बटणांवर का घेतला? तिकडे पुढे तिघं बसायचे. नवरा, बायको आणि आणखी कोणी असेल तर तो. लहान असली तरी तिघांची आहे ती. पुढे यांनी या सीटचे दोन तुकडे केले. तिथून तिचे वाईट दिवस सुरू झाले.” मग बाकाच्या मधोमध हात थोपटून म्हणाले, “ये इकडे. सरक.”

काकू उभ्याच होत्या. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. मी त्यांच्या कोपराला हात लावून पुढच्या दाराशी नेलं. त्या आधी त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या, खिडकीशी. तिथे क्षणभर थांबल्या. मग सरकल्या. नवऱ्याच्या खांद्याला खांदा लागल्यावर अंग चोरून बसल्या, नव्या नवरीसारख्या. मला हसू आलं आणि डोळेही भरले. मी शेवटी खिडकीशी बसले आणि दार ओढून घेतलं.

काकूंचा हात सीटवर चाचपत माझ्या हातापर्यंत आला. मी त्यावर माझा हात ठेवला. समोरून एक टेम्पो येत होता, मागून एक जीप. मी हात दाबून ठेवला. दोन्ही गाड्या गेल्या.

“बोल,” काका म्हणाले. माझ्याकडे वळूनही न बघता.

मी हात उचलला.

“मोकळं शे,” काकू म्हणाल्या. हे बोलताना त्यांनी रस्त्याकडे मान केली नव्हती. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. इतक्या जवळून तो चेहरा त्यांना दिसत असावा.

काकांनी बटण दाबलं आणि धाकटी न अडखळता रस्त्यावर आली.